बाबांचं अंग

प्रिय लोसालीनेताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "फेलेटी, तू आत्याशी धड बोलत का नाहीस?" आत्या शेजारीच बसली होती, म्हणून मी आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता. भावाने बहिणीजवळ शरीराच्या गोष्टी काढू नयेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे, त्यामुळे तोंडाने मला हे जमलंच नसतं. कागदावर जमतंय का बघतो.

बाबांचा पाय गुडघ्याखाली कापला हे तुला माहीत आहे. त्याआधीचं वर्ष तुला माहीत नाही. पहिली जखम झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "काका, साखर अशीच राहिली तर पाय जाईल. महिनाभर उपाशी राहून काही होत नसतं. मरेपर्यंत रोज झेपेल असं काहीतरी धरा." मला ते पटलं. मी बाबांवर एकदम काही लादलं नाही. आधी गोड पेयांच्या बाटल्या घरात आणणं थांबवलं. मग मेंढीच्या पोटाचं चरबीवालं मांस फक्त रविवारी ठेवलं, एरवी मासा आणि अळूची पानं. आणि सकाळचं चालणं. सुरुवातीला चर्चच्या फाटकापर्यंत, मग हळूहळू खाडीपर्यंत. बाबा आधी कण्हत, शिव्या देत चालले. पुढे तेच मला हलवायला लागले, "ऊठ रे, म्हातारा तयार आहे आणि तरणा लोळतोय." जखम भरली. रविवारी चर्चला जाताना कमरेला मानाची विणलेली चटई गुंडाळताना एक वेढा जास्त बसायला लागला तेव्हा ते आरशात बघून स्वतःशीच हसले.

चर्चमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली. "होपोआते, सुनेनं चूल बंद केली काय?" बाबा म्हणायचे, "चूल चालू आहे, पोटाला रजा दिली आहे." लोक हसायचे, पण टोमणा माझ्या बायकोला असायचा; विका घरी येऊन रडायची. आपल्या भाषेत 'सीनो' म्हणजे शरीर, आणि 'सीनो' म्हणजेच जाडजूड. मी शाळेत फार टिकलो नाही, पण एवढं मला कळतं, की बारीक झालेल्या माणसाला आपल्याकडे शरीरच उरत नाही.

मग वावाऊ बेटावरून सुलिएती आत्या आली. बोटीतून उतरल्या उतरल्या बाबांना पाहून तिने गळा काढला, "माझ्या भावाचं सीनो कुणी खाल्लं?" धक्क्यावरचे सगळे लोक आमच्याकडे बघत होते. घरी येऊन तिने विकाला चुलीपासून उठवलं आणि स्वतः बसली. वडिलांच्या बहिणीपुढे आपल्याकडे कुणाचं चालतं? तरी मी सांगून पाहिलं, आत्या, डॉक्टरांनी मनाई केली आहे. ती म्हणाली, "तुझा डॉक्टर त्याची बहीण लागतो का?" चालणंही तिनेच बंद केलं. चर्चचा मानकरी माणूस, गाडीतून न्यायला कुणी नातेवाईक नसल्यासारखा पायी हिंडतो, याची तिला लाज वाटत होती. ताट समोर आलं की बाबा आधी माझ्याकडे बघायचे, मग आत्याकडे, आणि खायचे. पुढे माझ्याकडे बघणंही थांबलं. सकाळी मी दारात उभा राहायचो तेव्हा ते डोळे मिटून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे.

त्याच सुमारास तुझं ऑकलंडहून डबाबंद मांसाचं पिंप आलं. त्यावर तुझ्या अक्षरात 'बाबांना, प्रेमाने' असं होतं. आत्याने ते अंगणात, रस्त्यावरून दिसेल असं ठेवलं. जखम पुन्हा चिघळली तेव्हा तिला वाटलं बाबा अशक्त झालेत, म्हणून तिने आणखी वाढलं. पाय कापून बाबा शुद्धीवर आले तर त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणते, "बघ, चेहरा कसा भरलाय." तिची माया खरी आहे गं. खोटी असती तर मी तिला घराबाहेर काढलं असतं. आता दुसऱ्या पायाचं बोट काळं पडतंय. कुबड्या मिळाल्या आहेत, पण आत्या म्हणते त्याला उठवू नका, आणि ताट त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवते.

ताई, विकाला दिवस गेले आहेत. फोनवर मी मुद्दामच सांगितलं नाही. तू बाळाची आत्या होणार. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला मानाची जागा तुझी, आणि तू त्याला जे भरवशील त्याला मी नाही म्हणू शकणार नाही. बाबांना आपल्या बहिणीला नाही म्हणता आलं नाही, आणि मी त्यांचाच मुलगा आहे. म्हणून बाळ यायच्या आतच तुला लिहून टाकतो. नाताळला रिकाम्या हातांनी ये. आम्ही खातो ते खा, आणि आत्यासमोर बाबांच्या हातात कुबड्या तू दे, कारण लेकीच्या हातून ते त्या घेतील. हे होणार नसेल तर येऊ नकोस. विचारलंच कुणी, तर बाळाला आत्या नाही असं मी सांगेन.

तुझाच धाकटा,
फेलेटी