दोन बनियन

आवडी, चेन्नई
१३ डिसेंबर

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. सध्या हा साष्टांग कागदावरचाच, कारण सहा आठवडे मला पालथं व्हायची मनाई आहे. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे रुचाचं शाळेत शिकवणं चालू आहे आणि आमच्या सहानाची सहामाही परीक्षा. पाऊस थांबलाय, पण क्वार्टर्सच्या मागे पाणी साचलेलं आहे आणि डासांची चंगळ आहे.

आता खरं सांगतो. हर्निया वगैरे काही नाही. फोनवर तू "काय रे, आवाज असा का?" म्हणालीस आणि मी हर्निया सांगून मोकळा झालो. फॅक्टरीतही तेच सांगितलंय. फोनवर मला विनोद सुचतात आणि खरं राहून जातं, म्हणून हे पत्र.

सोमवारी नुंगंबाक्कमच्या एका क्लिनिकमध्ये मी छाती सपाट करून घेतली. आजार नव्हता. पुरुषाच्या छातीवर जे नको ते मला चौदाव्या वर्षापासून होतं, ते काढून टाकलं. सत्तावीस वर्षं मी दोन बनियन घालून हिंडलो, मे महिन्याच्या चेन्नईतसुद्धा. तुला ठाऊक असणार. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण बोललं कुणी नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी ही कसली हौस, असं वाटलं तर हस खुशाल.

ऑपरेशन दोन तासांचं. त्यानंतरचं मात्र मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. बगलेपासून बरगड्यांपर्यंत आवळणारा एक जाड बनियन घातलाय, तो रात्रंदिवस, फक्त आंघोळीपुरता काढायचा. घरी येताना अंबत्तूरच्या प्रत्येक गतिरोधकाला मी छाती धरत होतो. टॅक्सीवाल्याला वाटलं हार्टचा पेशंट आहे. बिचाऱ्यानं गाडी वीसच्या वर नेलीच नाही. सहाना शाळेतून आली की गळ्यात पडायला धावते आणि मी हात आडवे करतो. काल ती दारातच थांबली. बरं नाही वाटलं.

माझं काम तुला माहीतच आहे, मापं तपासायचं. केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवतो. आता रोज आंघोळीच्या वेळी रुचाची शिवणाची टेप घेऊन स्वतःला तपासतो. डावी बाजू चार मिलिमीटर जास्त भरते. क्लिनिकमधल्या नर्सला, कनका तिचं नाव, मी काल अकरा फोटो पाठवले. उत्तर आलं, "नॉर्मल सार." तिच्या मोबाईलवर दुसरा शब्दच नसावा.

काढलेला भाग लॅबमध्ये पाठवलाय. रिपोर्ट यायचाय. काहीतरी वाईट निघणार असं मनाला लागून राहिलंय. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, घराण्यात कुणाला असा त्रास? वडिलांना? मी ठळक अक्षरात "नाही" लिहिलं.

बाबांच्या वर्षश्राद्धाला येतो. तू म्हणालीच होतीस, या वेळी तूच बस म्हणून. श्राद्ध वीस जानेवारीला, त्या दिवशी सहा आठवडे बरोबर पूर्ण होतात. मोजूनच ऑपरेशनची तारीख घेतली होती. बाकीचं मग कधीतरी.

तुझा,
पुष्कर


आवडी
२७ डिसेंबर

ती. सौ. ताईस,

नमस्कार. तुझं उत्तर नाही, फोन नाही. रुचा म्हणते पोस्टाला वेळ लागतो. मला वाटतं तू पत्र वाचून घडी घालून ठेवलंस.

डाव्या बाजूला कातडीखाली सुपारीएवढी गाठ लागते. डॉक्टर म्हणतात, आतली सूज आहे, विरघळेल. कनकाचं तेच, नॉर्मल सार. उजवीकडे बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. मी दिवसातून दहादा काढून बघतो. रुचानं टेप लपवून ठेवली, तर मी सहानाची पट्टी घेतली. रिपोर्ट अजून नाही.

सोमवारी घरी कुणी नव्हतं. आंघोळीहून आलो आणि एकदम श्वास पुरेना. हातपाय गार, छातीत धडधड. रक्ताची गुठळी झाली, आता संपलं, असंच वाटलं. दार उघडून जिन्यात जाऊन बसलो. तेवढ्यात समोरचे अनंतकृष्णराव वर आले. मूळचे तंजावरकडचे मराठी, आमच्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले. हा माणूस सदरा घालतच नाही. कमरेला वेष्टी, म्हणजे इकडची लुंगी, खांद्यावर टॉवेल आणि पुढे मोठं पोट. असेच गेटवर जाऊन भाजी घेतात आणि सध्या मार्गळीचा महिना म्हणून पहाटे भजन करत कॉलनीभर फिरतात, तेही उघडेच. पाच वर्षं मी या माणसावर जळतोय.

ते शेजारी टेकले. म्हणाले, "श्वास सोडा हो, धरून काय ठेवता? ओन्नुमिल्लै, काही नाही झालं. मी आहे की इथं." त्यांचं पोट सावकाश वर-खाली होत होतं. मी त्याच्याकडे बघत श्वास घेत राहिलो. दहा मिनिटांत हात गरम झाले. मग त्यांनी घरातून कॉफी आणली आणि हे कशाचं ऑपरेशन, असं सरळ विचारलं. कसं कोण जाणे, मी खरं बोलून गेलो. वडिलांच्या श्राद्धाला उघड्या अंगानं बसता यावं म्हणून, असंही म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ते वारले तेव्हा कसं केलंत?"

त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुला देतो.

ताई, माझं विमान चुकलं नव्हतं. सकाळी सव्वासहाला बाबा गेल्याचा तुझा फोन आला, आठला मी विमानतळावर होतो. तिकीट मिळालं, बोर्डिंग पास हातात आला, गेटवर जाऊन बसलो. दुपारी दोनपर्यंत वाईला पोचलो असतो. तिथं बसल्या बसल्या मला घाट दिसायला लागला. मुंडण, ओलं धोतर, खांद्यावर मडकं आणि मी उघडा. भोवती सगळं गाव. तोच घाट, जिथं पोहायला गेलो की पोरं मला पाण्यात चिमटे काढायची आणि किनाऱ्यावर येऊन नक्कल करून दाखवायची. एकदा बाबांनी ते पाहिलं. ते घरी गेले, आपली बंडी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगात चढवली. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना माझी लाज वाटली, असं मी त्या दिवशी धरून चाललो, आणि आजवर तसाच चालतोय.

गेटवर माझं नाव तीनदा पुकारलं. मी उठलो नाही. विमान गेलं. संध्याकाळच्या विमानानं आलो तोवर तू अग्नी दिला होतास. अग्नी देणाऱ्यानंच पुढचं करायचं असतं, या नियमाआड मी बारा दिवस सदरा घालून बसलो. मुलगा असून मुलीनं केलं, असं लोक तुझ्या तोंडावर बोलले आणि तू प्रत्येकाला सांगत राहिलीस, बिचाऱ्याचं विमान चुकलं. मी शेजारी बसून मान हलवत होतो.

मी नीच वागलो. याला दुसरा शब्द नाही.

पुष्कर


आवडी
१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून मी घरात फेऱ्या घालतोय. रुचानं दोनदा विचारलं. सांगता येईना, म्हणून पुन्हा कागद.

विमानाचं तुला तेव्हाच कळलं होतं, म्हणालीस. मी शर्ट धुवायला टाकला, त्याच्या खिशात सकाळचा बोर्डिंग पास निघाला. तो तू चुलीत घातलास आणि बाहेर येऊन पुन्हा "विमान चुकलं" म्हणालीस. वर्षभर. मला एकदाही टोचलं नाहीस.

आणि मग ते दुसरं. तुझे शब्द तसेच लिहितो, कारण ते मला सारखे ऐकू येतायत. "बाबांना आंघोळ घालायला मी आणि तुझे दाजी होतो. बंडी कापून काढावी लागली. त्यांची छाती तुझ्यासारखीच होती, पुष्कर. तू असतास तर तुला दिसलं असतं."

ताई, मी बसून आठवत राहिलो. गणपतीच्या पूजेलासुद्धा बाबांचं उपरणं गळ्याशी घट्ट गुंडाळलेलं असायचं. नदीवर ते एकटे, अंधार असतानाच जायचे. उन्हाळ्यात अंगणात सगळे उघडे झोपत, ते बंडीत. आपल्याला वाटायचं, मास्तर शिस्तीचे. घाटावर त्यांनी मला जी बंडी घातली, ती लाज म्हणून नव्हे गं. स्वतःला जे काही जमलं होतं तेवढं त्यांनी मला दिलं. एक शब्द बोलले असते तर? मीही कुठे बोललो, म्हणा. आता मात्र मला मोठ्यानं रडू येतंय आणि रडलं की टाके ओढतात.

रिपोर्ट आला. वाईट काही नाही. ऑपरेशनचा पश्चात्तापही नाही. सदरा एकाच बनियनवर घालून पाहिला, हलकं वाटलं. पण त्यांचं आणि माझं जे एक होतं ते मी कापून कचऱ्यात दिलं, आणि दिल्यावर मला कळलं. फॉर्मवर ठळक "नाही" लिहिणारा मीच. काल कनकाला फोन करून ते उत्तर दुरुस्त करायला सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला सार?" मी म्हटलं, लिहा हो.

गाठ अजून आहे. डावी बाजू दोन मिलिमीटर जास्त आहे. व्रण लाल आहेत, लांबून दिसतात. पुन्हा तसा श्वास अडकेल का, गावच्या घाटावरच अडकेल का, याची धास्ती रोज असते. अनंतकृष्णरावांनी सांगितलंय, अडकला तर आधी सोडायचा.

काल तू "ये" म्हणाली नाहीस. तरी मी येतोय. तिकीट अठराचं आहे, सकाळचं. दारातून परत पाठवलंस तर घाटावर जाऊन बसेन.

श्राद्धाला मात्र मी बसणार नाही. अग्नी तू दिलास, त्यांना शेवटचं तू पाहिलंस, तूच बस. गुरुजी कुरकुरले तर मी बोलेन त्यांच्याशी. मी तुझ्या मागे धोतर नेसून, उघडा बसेन आणि तुला पाणी, दर्भ, तीळ देत जाईन. जेवायला आलेल्यांना मीच वाढेन, तसाच उघडा. विमान चुकलं नव्हतं, हे पंगतीत मी माझ्या तोंडानं सांगेन. तू मध्ये बोलायचं नाहीस. बाबांची एखादी बंडी उरली असेल तर ठेव, कुणाला देऊ नकोस.

श्राद्धाच्या दिवशीच सहा आठवडे संपतात आणि मला पालथं होता येतं. पहिला साष्टांग तुझ्या पायांशी, खरोखरचा.

या वेळी विमानात चढणारा,
तुझा भाऊ,
बाबांचा मुलगा
पुष्कर