देवधानाची बांधी

श्री
मु. देऊळतळी, पो. आरमोरी, जि. चांदा
१२ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. चंदाबाईस इस्तारीभाऊचे अ. उ. आ.

परवा सकाळी आंघोळ करून, तळ्याला हात जोडून, डोंगा वल्हवत देवधान झोडायला निघालो. तुझ्या ऋषिपंचमीला बैलाचा नांगर न लागलेला भात हवा. आपल्या तळ्यात आपोआप उगवलेला तो भात दरसाल तुला पाठवतो. यंदा सगळा काठ फिरलो आणि ओंजळभर मिळाला. तेवढाच पाठवतो.

तीन वर्षांपूर्वी उथळ काठाला मातीचा धुरा घालून मी तळ्याचे पाणी बाहेर अडवले आणि आत भातशेतीची नवी बांधी केली. धान उत्तम पिकते. पण देवधान गेले, त्यात घरटे करणारी सारसाची जोडी गेली, शिंगी मासळी जाळ्यात दिसेना. तुझी वैनी गोकुळा म्हणते, तुमचा देव बांधीखाली दबला. झिंगू म्हणतो, बाबा, सारस काय पोतं भरून देऊन राह्यले होते? पोराचेही खरे आहे. देवळात बसलो तरी मन त्या काठावरच जाते. काय करावे, तूच लिही.

तुझा,
इस्तारीभाऊ


वरोरा
२५ नोव्हेंबर १९५५

ती. इस्तारीभाऊस चंदाचा शि. सा. न. वि. वि.

ओंजळ पोचली. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात चिमणीचा उपास होईल. मी म्हटले, भाऊंना बांधीत देवधानच पेरायला सांगते. तर त्या भडकल्या, पेरलं त देवाचं कसं, तुह्या भावाचंच झालं नाई का?

भाऊ, एक आठवले. पोळ्याला मी माहेरी आले तेव्हा त्या बांधीत तुम्ही आणि वैनी निंदत होता. लालसर बुडाची रोपे चोरधान म्हणून उपटून फेकत होता. ते देवधानच ना? देव दरसाल आपल्या पायाने येतो आणि तुम्ही त्याला निंदून काढता. मी इतकी हसले की चूल विझली.

माया आहे तशीच ठेवा.

आपली,
चंदा


मु. देऊळतळी
१९ ऑगस्ट १९५६

चि. सौ. चंदाबाईस अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून गोकुळा हसत खालीच बसली होती. मला मात्र ते पटले. वरच्या बांध्या पोटापुरत्या आहेत, म्हणून यंदा काठाच्या खालच्या बांधीत नांगर घातला नाही, पेरलेही नाही. झिंगू फुगून बसला. मग लालसर बुडाची रोपे दाट आली. पण त्यांना तळ्याचे पाणी हवे, आणि मध्ये माझाच धुरा.

काल झिंगूला कुदळ घेऊन बोलावले. म्हणे, तुम्हीच बांधलं, आता तुम्हीच फोडून राह्यले. होय म्हटले, देवाचे नाव घेतले आणि पहिला घाव घातला. पाणी आत शिरले तशी मासळी घुसली. एका शिंगीने झिंगूच्या बोटाला काटा मारला. तो एका पायावर नाचत आईला हाका मारत होता, शिव्या देत होता, आणि हसतही होता. सारस अजून नाहीत. त्यांची मर्जी.

लोभ वाढता राहो.

तुझा,
इस्तारीभाऊ

ता. क. उरलेला धुरा आज सकाळी आम्ही दोघांनी सपाट केला. ती बांधी आता नाही. तिथे तळेच आहे.