मध्यम लहरी बंद होण्याआधी केलेली व्यवस्था

खाली सही करणारा मी, वय एकाहत्तर, शहर रेडिओ केंद्राचा निवृत्त प्रक्षेपण तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी मागे न लागता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणून ही घाई. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. जवळचं माणूस एकच, माझी थोरली बहीण, वय एकोणऐंशी, जिला या कागदात ताई म्हटलं आहे. आई-वडील गेल्यावर तिने लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं काही रद्द करायचा प्रश्न येत नाही.

कलम १. माझी हत्यारं, म्हणजे वीज मोजायचे दोन मीटर, सोल्डरिंगची पेटी, पकडी आणि छत्तीस वर्षांच्या टिपणवह्या, चष्मेवालीला द्याव्यात. चष्मेवाली म्हणजे केंद्राची हल्लीची मुख्य अभियंता. नऊ वर्षं माझ्या हाताखाली होती, आणि पहिल्या वर्षी तिने जेवढे फ्यूज उडवले तेवढे मी उभ्या नोकरीत उडवले नाहीत. केंद्र मध्यम लहरीवरून एफएमवर न्यायचा आराखडा तिनेच केला. त्यावरून मी तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता.

त्याचं कारण नोंदवून ठेवतो. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, बासरीवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, हे मला मान्य आहे. माझे कान अजून शाबूत आहेत. पण मध्यम लहरी जमिनीला धरून टेकडीपलीकडे पोहोचतात. एफएम नाकासमोर चालतं आणि टेकडी आडवी आली की तिथेच थांबतं. चष्मेवालीने बैठकीत नकाशा लावला, त्यात सगळं शहर हिरवं होतं आणि टेकडीमागचा तुकडा पांढरा. त्या पांढऱ्या तुकड्यात ताईचं घर आहे. तिला आता वाचता येत नाही, दृष्टी गेल्यातच जमा आहे. मी तेव्हा नुसता पाहुणा म्हणून बसलो होतो, तरी उठून नको नको ते बोललो. चष्मेवाली खाली मान घालून ऐकत राहिली.

गेल्या महिन्यात कळलं की टेकडीमागे छोटं प्रक्षेपण यंत्र बसवावं म्हणून तिने तीनदा अर्ज केला होता. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी तिन्ही वेळा ‘तिथे श्रोते कितीसे?’ असा शेरा मारून तो परत पाठवला. मृत्युपत्रात माफी मागता येते का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, फोन करा की!” केला. ती आधी रडली, मग मला चांगलीच ओरडली. आता आमचं बरं आहे.

कलम २. मोठ्या साहेबांना काहीही नाही. न द्यायच्या माणसांची यादी करायची नसते, असं वकीलबाईंचं मत आहे. असू दे. माझ्या निरोपसमारंभाला त्यांनी माझी छत्री उचलून नेली, ती त्यांनी ठेवून घ्यावी. तिची एक काडी मोडलेली आहे.

कलम ३. माझं राहतं घर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या पश्चात ताईला मिळावं. गच्चीतून एफएमचा नवा मनोरा समोर दिसतो, त्यामुळे सेट कुठेही ठेवला तरी खणखणीत लागतो. अट एकच, तिने येत्या एकतीस तारखेच्या आत, म्हणजे मध्यम लहरी कायमच्या बंद होण्याआधी, इथे राहायला यावं. तीस वर्षं सांगतोय, ऐकत नाही. निदान कागदाला तरी घाबरेल.

कलम ४. वरील कलम ३ रद्द समजावं. ते लिहून मी रविवारी ताईकडे गेलो आणि वाचून दाखवलं. ती शिलाई मशीनपाशी बसली होती.

“मी नाही येणार,” ती म्हणाली. “तीन जिने कोण चढणार? तुझा बाप?”

“आपला बाप, ताई. आणि इथे रेडिओ बंद पडणार आहे. दिवसभर करशील काय?”

“मला काय गाणी ऐकायची असतात? मी सकाळी सहाला पाच कमी असताना सेट लावते. नुसती खरखर असते. मग एकदम थांबते.”

ते थांबणं मला माहीत आहे. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मी यंत्र सुरू करायचो. आवाज अजून नसायचा, पण सेटमधली खरखर बंद व्हायची.

“ती थांबली की मला कळायचं, पोचला कामावर. धडधाकट आहे. मग मी चहा टाकायचे.”

“ताई, मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आता ते संगणक करतो.”

“ठाऊक आहे रे. तरी लावते.”

तिला एफएमच्या टप्प्यात आणायला निघालो होतो, आणि तिला गाणीही नको होती, बातम्याही नको होत्या. छत्तीस वर्षं मी शहराला कार्यक्रम पोचवले, आणि तिला हवा होता तो फक्त माझा ठावठिकाणा. हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळावं, याची लाज वाटते.

कलम ५. सबब घर चष्मेवालीला द्यावं. ती आईसोबत एका खोलीत राहते. माझ्या हयातीतही तिने माझ्या घरात राहावं, किल्ली कालच दिली आहे. न्हाणीघराचा नळ डावीकडे पिळला तरच बंद होतो. बँकेत असेल ते सगळं ताईला. मी तिच्याआधी गेलो, तर दर रविवारी ताईकडे जायचं चष्मेवालीने कबूल केलं आहे. तशी अट मी घातलेली नाही, तिनेच सांगितलं.

कलम ६. माझा उरलेला वेळ ताईला. किती उरला आहे ते डॉक्टर नीट सांगत नाहीत, पण असेल तो सगळा. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे कलम आजपासून लागू आहे, आणि माझी ट्रंक ताईच्या दारात उतरवलेली आहे.

अशी तरतूद कायद्यात बसत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, कायद्याचं राहू द्या, ताईला वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. ताईने ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले आणि माझ्यापुढे सुई धरली.

“बरं झालं. आधी हा दोरा ओवून दे. सकाळपासून खोळंबलेय.”

ओवून दिला आणि सही केली.

सही: मृत्युपत्र करणार, ताईचा धाकटा भाऊ

साक्षीदार:
१. डॉक्टर (हृदयाचं मत कायम ठेवून)
२. टेकडीमागचे पोस्टमास्तर

ताई लाभार्थी असल्यामुळे तिची सही चालत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तिने तरीही अंगठा उठवला आहे.

ठिकाण: टेकडीमागे, ताईचं घर
तारीख: २९ ऑक्टोबर, सकाळी अकरा