सहीच्या वरची कोरी जागा

आई, उद्या सकाळी दहाला ग्रामसभा आहे. तिथे मी काय बोलणार आहे ते गावाच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसलोय. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. ओढा मात्र आहे तिथेच आहे. पावसाळ्यात तसाच फुगतो, आणि पलीकडच्या हायस्कुलाची घंटा आपल्या वस्तीत तशीच स्पष्ट ऐकू येते. जाता येत नाही एवढंच. ताईने सातवीनंतर शाळा सोडली ती ह्याच पाण्यापायी. आता माझी मुलगी सातवीत आहे.

जिल्हा परिषदेने पुन्हा वीस वर्षांचा विकास आराखडा करायला घेतलाय. आधीची वीस वर्षं दहा-बारातच उरकली. आमच्या खात्याने वेळेआधी संपवलेलं हे एकमेव काम. आराखडा कसा होतो ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. वरून परिपत्रक येतं, की गावाने पुढच्या वीस वर्षांचं स्वप्न पाहावं आणि शुक्रवारपर्यंत कळवावं. गावाने यादी करून तालुक्याला द्यायची, तालुक्याने गोळा करून जिल्ह्याला. शुक्रवार जवळ आला की एका गावाची यादी दुसरं गाव उतरवून घेतं. तुझ्या वेळच्या आराखड्यात आंबेगावात धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावाने होडी मागितली होती. ती यादी हातोहात फिरत जुन्नरकडे आली आणि आमच्या तीन कोरडवाहू गावांनीही होडी मागितली. ज्यांना प्यायला टँकर लागायचा त्यांनी. मी तेव्हा तालुक्याच्या ऑफिसात नवा कारकून, टेबलावर ह्या याद्या लावत बसायचो. होडीवर लाल रेघ मारली तेव्हा मी स्वतःला मोठा हुशार समजलो होतो.

तू त्याच सुमारास राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आलीस. विहारात साक्षरता वर्ग भरायचा, तिथून पाटी घेऊन आलीस की भाकरी थापायच्या आधी अक्षरं गिरवायचीस. आणि मग तो दिवस. तू चुलीपुढे बसलीयेस, मी उंबऱ्यात, आणि ग्रामसेवक बगलेत प्रोसिडिंग बुक घेऊन आत येतात. त्यांना अख्खा गाव भाऊसाहेब म्हणतो. सभा झालेली नाही, पण सह्या गोळा होतायत. खाली सह्या, वर पान कोरं. ठराव मागाहून सवडीने लिहायचा, ही आपल्याकडची जुनी रीत.

"मावशी, एवढी सही करा. बाकी आठ जणांच्या झाल्या."

"वर काय लिवलंय?"

"लिहायचंय अजून. वीस वर्षांचं काम आहे, एका दिवसात कसं लिहिणार?"

"वीस वर्षांचं हाय तर दोन दिस थांबा की. कोऱ्या पानावर सही करायची म्हंजी मी कशाला व्हय म्हनले ते मलाच ठावं न्हाई."

"सगळे करतात, मावशी."

"बरं, आना हिकडं. तुमी च्या घ्या."

भाऊसाहेब बशीत फुंकर घालत बसले. तू हात पुसलेस, पेन धरलंस आणि खाली वाकलीस. बराच वेळ वाकलेली. बशी रिकामी झाली तरी तुझं चालूच.

"सहीला एवढा वेळ?"

"माजं नाव लई लांब हाय, भाऊसाहेब."

त्यांनी पान पाहिलं तेव्हा वरच्या सगळ्या कोऱ्या जागेत, शेंगदाण्याएवढ्या अक्षरांत, उतरत्या ओळीत लिहिलेलं होतं: वड्यावर साकव पायजे. पयला. खाली सही, आणि शेजारी पिठाच्या अंगठ्याचा ठसा. साकव म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल. ह्याहून मोठं काही तू मागितलं नव्हतंस. मी उंबऱ्यात हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "तुझ्या आईनं रजिस्टर नासवलं, राव. सरपंचांनी पहिलं काम सभामंडप ठरवलंय." बुकातलं ते पान त्यांनी फाडून आणलं होतं, पानांवर नंबर वर्षाअखेरीस टाकायची पद्धत असल्यामुळे पान नाहीसं होणं हा आपल्याकडे गुन्हा नसून सोय होती. नवं पान त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून आणलेलं. साकव त्यात पहिला नव्हता, शेवटचाही नव्हता. खाली आठ सह्या, नववी जागा मोकळी. भाऊसाहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि फार मायेने विचारलं, "तुझं प्रोबेशन कधी संपतंय?"

तुला मी सांगितलं, की जिल्ह्याने नामंजूर केलं. तू परातीतलं पीठ मळता मळता थांबलीस.

"जिल्ह्यानं वडा पाह्यलाय का?"

"नाही."

"मंग त्यास्नी न्हाई कसं म्हनता येतंय?"

"आई, पुढच्या आराखड्यात बघू."

"पुढच्या आराखड्यात मी नसंन. तू असशील. ध्येनात ठेव." मग "सायबासारकं बोलाया लई लवकर शिकलास," एवढंच म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. पुढे मला बढती मिळाली, साहेबही लोक म्हणू लागले. पण त्या वाक्याएवढं अचूक माझ्या गोपनीय अहवालात कुणी लिहिलं नाही.

आता त्या याद्यांचं टेबल माझ्याच हाताखाली आहे. मागच्या आराखड्यातली राहिलेली कामं आधी, नव्या मागण्या सगळ्यात शेवटी, असा ह्या वेळी नियम आहे. गेल्या आठवड्यात त्या टेबलावरच्या नव्या कारकून पोरीने यादी पुढे केली. "सर, तुमच्या गावाचा साकव नवीन मागणीत गेलाय. जुन्या कागदांत गावाने कधी मागितल्याचं दिसत नाही." तिचं बरोबर आहे. जुन्या कागदांत सभामंडप दिसतो. तो बांधून झाला, दोनदा रंगवून झाला, आणि पारगावच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉलीवाल्यांना दुपारी तिथे झोपही चांगली लागते. साकव जुना आहे हे सिद्ध करणारा जगात एकच कागद आहे, आणि तो माझ्या पेटीत आहे. भाऊसाहेब ते फाडलेलं पान टेबलावर विसरून गेले, की मी उचललं, आता नक्की आठवत नाही. पिठाचा अंगठा पिवळा पडलाय. अक्षर शाबूत आहे.

उद्या दोन्ही पानं टेबलावर ठेवणार आहे. तुझं फाडलेलं आणि ऑफिसातलं सुवाच्य. दोन्हींवर तुझी सही आहे, तेव्हा दुसरी कुणाची असं कुणीतरी विचारेलच. विचारलं नाही तर मी सांगणार. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. माझ्या लेकीला आठवीत पलीकडे जायचंय, आणि ओढ्याला माझ्या पेन्शनशी कर्तव्य नाही. आपल्याकडे पहिली ग्रामसभा लोक येऊ नयेत म्हणूनच बोलावतात, हे तुला माहीत आहे. माणसं पुरी नाहीत म्हणून तहकूब करायची, आणि तहकूब सभेला माणसं पुरी लागत नाहीत. ह्या वेळी तसं होऊ देणार नाही. आठ दिवस दोन्ही काठांवर घरोघर फिरलोय. सभामंडपाशेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "भाऊ, येवढं काय हाय उद्या?" म्हटलं, "माझी एक चूक आहे, बघायला या." म्हणाले, "मंग येतो की. लोकांच्या चुका बगाया मी कवाबी येतो."

ह्या पत्राला जावक क्रमांक पडणार नाही, आणि जावक क्रमांक नसलेलं पत्र गेलं असं आमच्या ऑफिसात कुणी धरत नाही. उद्या ते पान बाहेर निघालं की पेटीत तेवढी जागा होईल, तिथे हे ठेवीन.

एक राहिलं. वर्गातून आल्यावर चुलीपुढे तुझा हात धरून सही तुला मीच शिकवली होती. त्या दिवशी ऑफिसात मात्र ती तुझ्यासारखी येईना. रद्दी कागदावर मला चार वेळा गिरवावी लागली.