कबुली देणाऱ्यांचं कोष्टक

बुध. २ मार्च
को. ३ मध्ये, म्हणजे अभ्यासातल्या तिसऱ्या कोर्टात, आठवा दिवस. (गावाचं नाव वहीत लिहायचं नाही, ही संशोधनाच्या सरांची अट. लातूरहून एस.टी.ने सव्वा तास, एवढंच.) जिल्हा नवा, फाइलींवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून लातूर लिहिणं अजून चालूच. पिण्याच्या पाण्याचा माठ शिपाई कुलपात ठेवतो.

माझी जागा पेशकारांच्या, म्हणजे कोर्टाच्या कारकुनांच्या, टेबलाशेजारी. न्यायाधीश (न्या.) किती वेळ ऐकतात, काय विचारतात, काय शिक्षा देतात, ते टिपायचं. एका केसला एक कार्ड. सध्या निम्मा बोर्ड, म्हणजे दिवसाची केसयादी, टँकरवरच्या मारामाऱ्यांचा. नाकबूल म्हणणाऱ्याला येत्या शुक्रवारची तारीख. कबूल म्हणणाऱ्याला किरकोळ दंड आणि ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’, म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचं आणि घरी जायचं.

पेशकार खाजासाब म्हणाले, “बाई, घड्याळ लावून काय मोजून राहिले? साहेबांचं पुकाऱ्याच्या आधीच ठरलेलं असतं.” कार्डावर यासाठी रकाना नाही.

सोम. ७ मार्च
कोर्ट उठल्यावर न्या.नी चेंबरमध्ये बोलावलं. चहा. माझ्या अक्षराची स्तुती. मग, “आम्ही कसे दिसतो तुमच्या गणितात?”

नियम पहिला: अभ्यास संपेपर्यंत न्यायाधीशाला त्याचं स्वतःचं कोष्टक दाखवायचं नाही. नियमांचा कागद मीच टाइप केलेला.

दाखवलं.

कबुलीच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. “एकालाही तुरुंग नाही?”
“नाही.”
“म्हणजे मी काय करणार, ते लोकांना घरून निघतानाच माहीत असतं.”
कोष्टक तेच सांगतं, म्हटलं. ते हसले. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ते नीट वाचलं होतं.

मंगळ. ८ मार्च
सकाळी व्हरांड्यात एक जण समोर आला. सिद्धार्थ, पंचवीसचा, मॅट्रिक पास, इस्त्रीचा शर्ट. नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाची जागा, मुलाखत याच शुक्रवारी, लातूरला. टँकरवर त्याच्या वस्तीचे हंडे कुणीतरी रांगेत मागे सरकवले, त्याने परत पुढे ठेवले. त्या माणसाने घागर डोक्यात घातली. पोलिसांनी दोघांवरही केस केली. कपाळावर टाके.

“मॅडम, तुम्ही कोर्टातल्या ना? नाकबूल म्हणलं की शुक्रवार देतेत. मुलाखत जाईल माझी. कबूल म्हणलं तर आजच मोकळं करतेत का?”

नियम दुसरा: पक्षकारांशी बोलायचं नाही.

म्हटलं, “या कोर्टात कबुलीला आजवर तुरुंग झालेला नाही.”

वाक्य अचूक होतं. काल संध्याकाळ त्यात नव्हती.

आत तो कबूल म्हणाला. न्या.नी फाइलकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “दहा दिवस साधी कैद.” पुकाऱ्यापासून चाळीस सेकंद. खाजासाबांचं पेन थांबलं, मग चाललं. घागरवाला नाकबूल म्हणाला. त्याला शुक्रवार मिळाला.

सिद्धार्थ वळला. “मॅडम?” एवढंच. पोलिसाने दंडाला धरलं.

कार्ड भरलं.

बुध. ९ मार्च
त्याची बायको कौसल्या आली, सोबत एक तरुण वकील. “तुमीच का त्या मॅडम? हे म्हणले, त्यांला इचार, त्यांला समदं माहीत हाय.” रागावून बोलली असती तर सोपं गेलं असतं.

वकील म्हणाला, उद्या लातूरला सत्र न्यायालयात अपील आणि जामिनाचा अर्ज. “कबुलीनंतर फक्त शिक्षा जास्त झाली, एवढंच भांडता येतं. रोज सगळ्यांना सोडणाऱ्यांनी याच दिवशी यालाच का आत टाकलं? तुम्ही तिथं बसता. लिहून द्या. उद्या सुटला तर शुक्रवारी मुलाखतीला उभा राहील.”

बघते, म्हटलं.

दुपारी पोस्टातून नांदेडला ट्रंक कॉल. सरांना सगळं सांगितलं.
“उत्तम,” सर म्हणाले. “न्यायाधीशाला त्याचंच कोष्टक दाखवलं की निर्णय बदलतो. आणखी दोन कोर्टांत दाखवून बघा. एकावरून काही सिद्ध होत नाही.”
मी विचारलं, लिहून दिलं तर?
“मग जिल्ह्यातलं एकही कोर्ट तुम्हाला बसू देणार नाही. आणि कबूल त्यानेच केलं ना? तुम्ही त्याच्या तोंडून वदवलं नाही.”

दोन कोर्टांची कल्पना मला काल कोर्टातून परतताना एस.टी.तच सुचली होती. कोणती दोन, तेही. सरांना सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

गुरु. १० मार्च, लातूर
सत्र न्यायालयाचा व्हरांडा. सकाळी खोलीवर कागद तयार केला. चार वाक्यं. सोमवारी कोष्टक दाखवलं. त्यांनी काय विचारलं. मी काय उत्तर दिलं. मंगळवारी आरोपीला मी काय सांगितलं. विशेषण एकही नाही. सही बाकी.

कौसल्या बाकावर शेजारी. पिशवीतून बाटली काढली. “घ्या मॅडम, काल टँकर आलता आमच्याकडं.” प्यायले. नको म्हणायला हवं होतं.

“साहेबाला त्या दिवशीच काय झालं आसंल हो?” ती म्हणाली. “तुमी तर शेजारीच व्हता.”

सांगितलं नाही. कागदात आहे, असं मनात म्हटलं. कागद घडी करून वहीत.

वकील दारातून विचारून गेला, “आणलंय ना?” मान हलवली. त्याने ती होकारार्थी घेतली असावी.

आमच्या आधी दोन अर्ज आहेत. आतला वेग पाहता वीस मिनिटं, फार तर पंचवीस. पेन हातात आहे, आणि सही करायची सोडून मी हे लिहिते आहे.