पडवीतल्या माटवीवरचं बाळंतपण

ती. सत्यवानदादा,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे सर्वेशचा, साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच). वहिनींचा गुडघा काय म्हणतो? फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद घेतला. आरती सावकाश म्हणायची की झपाझप, यावरून आपण सहा वर्षांपूर्वी भांडलो आणि तू गणपतीला गावी यायचं सोडलंस, ते असो. (असो कसलं, पण असो.)

विषय कवड्याचा आहे. साळुंकीपेक्षा जरा मोठा पक्षी. रंग मातकट गुलाबी, पाठीवर ठिपके आणि मानेमागे काळ्या-पांढऱ्या चौकड्या; थंडीत आपले तात्या मफलर गुंडाळायचे तशा. खळ्यात दाणे टिपताना पावलागणिक मान डोलावतो, जगात त्याला काहीच नामंजूर नसावं. पण घर बांधण्यात महाआळशी! आठ-दहा काटक्या आडव्या टाकल्या की वास्तुशांत उरकली. त्यात मी गणपतीवर टांगायची माटवी यंदा लवकर धुतली आणि सुकायला पडवीत वाशाला टांगली. लाकडी पट्ट्यांची ती चौकट पाहून कवड्यांना वाटलं, निम्मं काम आयतंच झालंय. त्यांनी वर दोन अंडी घातली. दिवसा नर बसतो, रात्री मादी (ही माहिती अनुजा मला घरातली कामं सांगताना रोज ऐकवते, तुझी भावजय बदललेली नाही).

माटवी काढायला मी शिडी लावली, तर तुळसाकाकी काठी घेऊन धावली. "खबरदार! घरात बाळंतीण आसा!" त्या दिवसापासून पुढचं दार बंद. पोस्टमन, गॅसवाला आणि मी, सगळे गोठ्यातून ये-जा करतो. शेवटी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या कवड्याचा बाळंतपण सुखरूप पार पाड रे म्हाराजा!" आणि आम्ही अकरा कर्तीसवरती माणसं गंभीर चेहऱ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणालो. देवाने उजवा कौल दिला: माटवी हलवायची नाही.

पण गणपती माटवीखालीच बसायला हवा. म्हणजे यंदा तो माजघराऐवजी पडवीत. आणि माटवी टांगलीय ती नेमकी तुझ्या वाटणीच्या अर्ध्या पडवीत (माझ्या अर्ध्यात वॉशिंग मशीन आहे). काकीचा निकाल असा: "जेची जागा, तेनाच पूजेक बसाक होया. सत्यवानाक बोलवून घे." तेव्हा माझा इलाज नाही. तू ये, वहिनींनाही आण.

तुझा,
सर्वेश

ता. क. आरती तू म्हणशील त्या चालीवर. दीड तास लागला तरी मी घड्याळाकडे बघणार नाही.

ता. क. २. पिल्लं मंगळवारीच उडून गेली. माटवी रिकामी आहे, उचलून माजघरात न्यायला कसलीच अडचण नाही. पुढचं दार बंद असल्यामुळे पडवीत कुणी फिरकत नाही; मी तेवढा रोज फटीतून बघतो, म्हणून हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. घरात मी सांगतो, पिल्लं झोपलीत. दादा, पाच गणपती तुझ्याशिवाय गेले आणि एकदाही मला बरं वाटलं नाही. चतुर्थीपर्यंत मी त्यांना कसाबसा झोपवून ठेवीन, त्यापुढे जमायचं नाही.