मुकट्याचा सोगा

१२ जानेवारी १८९२, कल्याण
या मार्सेल डॉक्टरचं तोंड बघवत नाही! ठाण्याहून येऊन महिना झाला नाही, आणि तीस वर्षं या दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या मला हात धुवायला शिकवतो! परवा माझ्या रंगूच्या मांडीवरची गाठ कापायची. म्हणे, “पंत, उकळलेला झगा घातल्याशिवाय आत यायचं नाही.” परटाची ओवळी घडी अंगावर घेऊन सख्ख्या बहिणीला शिवू? ती बिचारी आधीच घाबरलेली — “दादा, तू तरी सोवळ्यात राहा रे.”

१४ जानेवारी
झालं एकदाचं. झग्याखाली पूजेचा तांबडा मुकटा नेसून गेलो. पाच वर्षांत त्याला पाणी लावलेलं नाही — रेशमाला विटाळ कसला! गाठ निघाली नि रक्त भळभळलं. मार्सेल दोरा घ्यायला वळला, तेवढ्यात मुकट्याचा सोगा ओढून जखमेत गच्च दाबला. थांबलं! “शाबास, पंत!” म्हणाला. कशानं थांबलं ते त्याला कशाला सांगू?

१७ जानेवारी
ताप. जखमेला वास.

१८ जानेवारी
रंगू मला ओळखेना. पेजेचा चमचा तोंडाशी नेला, तर मलाच आई म्हणाली.
ओसरीवर सगळ्यांदेखत त्या मार्सेलला धरला — “कुठे गेलं तुमचं ते हात धुवायचं कारबोलिक? झगे उकळता उकळता माझी बहीण शिजवलीत!” खाली मान घालून म्हणतो, “कुठे चुकलं, कळत नाही, पंत.” कळत नाही, तर सुरी कशाला धरलीस मेल्या!
सिव्हिल सर्जनसाहेबांना अर्ज लिहिला. ‘डॉक्टर मार्सेल यांच्या हयगयीमुळे रोग्याच्या जिवावर बेतले. यांस कामावरून दूर करावे.’ अक्षर चांगलं वळणदार काढलं. उद्या-परवा टपालात टाकतो.

२० जानेवारी
मार्सेलनं टाके उसवले. पू वाहिला. चिमट्याला काहीतरी अडकलं — बोटभर धागा. तांबडा. रेशमी.
त्यानं धाग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दवाखान्यात सोवळ्याचं तांबडं रेशीम दुसरं कोण आणणार!
वाटलं, आता ओरडेल. ओरडला नाही. “तुम्ही बाहेर बसा, पंत. मी आहे ताईंपाशी.”
रात्रभर होता.

२१ जानेवारी
रंगू गेली.

२३ जानेवारी
अर्ज टपालात टाकला. मार्सेलचं नाव खोडून तिथे माझं घातलं.